गंगाबाईचं उघडं दार

गंगाबाईने भर मच्छीबाजारात माझी इज्जत काढली, म्हणून आधी माझी बाजू ऐका. मी झुबेर. पनवेलात जुने एसी विकतो आणि बसवून देतो. माझ्या मशीनबद्दल आजवर कुणी तोंड वर करून बोललेलं नाही.

२०११च्या मे महिन्यात ही बाई दुकानात आली. कोळीवाड्यात राहते, उभा जन्म मासे विकण्यात गेला. नवरा गणूदादा लकव्याने अंथरुणाला खिळलेला. वाचा गेलेली, पाठीची सालटी निघालेली, उकाड्याने डोळ्याला डोळा नाही. "तेला झोप लागली पायजे, बाकी मना काय नको," म्हणाली. न्हावा शेव्याचं एक ऑफिस बंद झालं होतं, तिथून उतरवलेला स्प्लिट एसी मी दाखवला. माशाचे कल्ले उचलून बघावेत तसं तिने झाकण उघडायला लावलं आणि नाक आत घातलं. "कुजका नाय ना?" वर मलाच विचारते.

बसवला. भिंतीला भोक पाडलं, तांब्याची नळी जोडली, गॅस भरला. दार लावून चालवला तेव्हा खोली अशी गारठली की बाईने पदर अंगाभोवती घेतला. हे तिच्या डोळ्यांदेखत झालं, बरं का.

दोन दिवस जात नाहीत तोच निरोप आला, मशीन गार करत नाय. गेलो, तर दार सताड उघडं. म्हटलं, "मावशी, मी खोलीसाठी एसी दिलाय, गल्लीसाठी नाही." तिने मुकाट्याने दार लावलं. माझी पाठ वळली की पुन्हा उघडं. पुन्हा निरोप, पुन्हा तेच. आणि एके सकाळी बाजारात गिऱ्हाइकांसमोर सांगत सुटली, "झुबेरनी सडकी मशीन माज्या गल्यात मारली." हे कुणी ऐकावं? सुरमई घ्यायला गेलेल्या माझ्या बायकोने, सकीनाने. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

तडक कोळीवाडा गाठला. दार उघडंच होतं. रागाने मीच ते धाडकन लावलं. तसा पलंगावरून ठक ठक आवाज सुरू झाला. गणूदादा चांगला असलेला डावा हात पलंगाच्या दांडीवर आपटत होता, नजर दाराकडे. गंगाबाईने दार उघडलं, हात थांबला. बाहेरून जाळं खांद्यावर घेतलेला कुणी ओरडला, "गणू, जातू रं." गणूदादाने दोन बोटं वर केली.

"दिवसा दार लावलं का गल्ली समजते मानूस गेला," गंगाबाई म्हणाली. "आन ह्यो बोलत नाय, नुसता बगतो. ता पन बंद करू?"

"मग हे आधी नाही सांगायचं?"

"तू इचारलंस कवा? येतोस आन वरडतोस."

बघा, म्हणजे चूक पुन्हा माझीच. पण तिथे उभं राहून भांडवेना. माणूस एकीकडे उकाड्याने तळमळतोय, आणि थंडावा द्यायचा तर त्याचं जगच बंद करायचं, हा कुठला न्याय?

त्याच ऑफिसचं काचेचं दार माझ्याकडे धूळ खात पडलं होतं. दुसऱ्या दिवशी टेम्पोत घालून नेलं आणि लाकडी दाराच्या आत बसवलं. काचेवर लाल अक्षरांत लिहिलं होतं, 'परवानगीशिवाय आत येऊ नये.' मी खरवडायला लागलो तर गंगाबाई म्हणाली, "ऱ्हाऊ दे. हतं कोन परवानगी इचारतं?"

खोली हळूहळू गार झाली. बाहेर अख्खी गल्ली काचेला नाक लावून उभी. गणूदादाने एकेकाकडे पाहून बोटं वर केली, मग त्याच्या पापण्या जड झाल्या. सगळ्यांच्या देखत तो शांत झोपला. गंगाबाई त्याच्या पायाशी पदर डोळ्यांना लावून बसली. मलाही भरून आलं, खोटं कशाला बोलू.

पण बाजारात विचाराल तर ही बाई अजून सांगते, "झुबेरची मशीन सडकीच व्हती. दार तेवरा बरा दिला."