रल्लीवाल्या काकी

रल्लीवाल्या काकींनी शिवण्यापेक्षा उसवण्यातच जास्त आयुष्य घालवलं, असं आमची आई म्हणायची. खोटं नव्हतं ते. फाळणीनंतर सिंधमधून धुळ्याला आलेल्या या काकी आमच्या शेजारी राहायच्या. त्यांची आई सगळ्या मुलांना जिच्यावर निजवायची ती रल्ली, म्हणजे त्यांच्याकडची ठिगळांची गोधडी, तिकडंच राहिली. आई तर त्याआधीच गेलेली. तिचा फोटो नाही, काही नाही. ती रल्ली आठवून पुन्हा शिवायची, एवढा एकच ध्यास काकींनी घेतला होता.

त्यापायी त्या गल्लीभर चिंध्या मागत फिरायच्या. अहिराणी शिकल्या होत्या, पण हेल सिंधी. "अक्का, हाउ लाल तुकडा माले दे ना व!" आईनं एकदा भिडेपोटी दादांचा, म्हणजे आमच्या वडिलांचा, धडधाकट फेटा फाडून दिला. दादा आठवडाभर धुसफुसत होते.

कडेची लाल नक्षी काकींच्या बोटांत होती. मधल्या भागाशी मात्र गाडं अडायचं. छान झालंय असं आम्ही म्हणावं, तर बाईंचं टराटरा उसवणं सुरू. "हाई मनी मायनी नही शे." ही माझ्या आईची नव्हे, हेच पालुपद.

मी वैतागून म्हणायची, "काकी, कोण बघायला येणार आहे?"

"मी बघस ना!"

मग कल्याणच्या निर्वासितांच्या छावणीतून त्यांची धाकटी बहीण आली आणि रल्ली पाहताच जुंपली. भांडण सिंधीत, पण एक लाल तुकडा नाचवतेय, दुसरी निळा, एवढं आम्हालाही दिसत होतं. दोन दिवस अबोला. शेवटी आईनंच विचारलं, "पन तुम्ही बहिनी त्या रल्लीवर निजेत कोठे?"

काकी थोरल्या, म्हणून कडेला. धाकटी मधे, आईच्या कुशीत. दिवसा रल्ली घडी घालून ठेवलेली. सकाळी डोळा उघडताच नाकासमोर जे दिसायचं, तेच जिच्या तिच्या लक्षात राहिलेलं.

काकींनी रल्ली जवळ ओढून घेतली. "माले वाटे, मी माय इसरनी," एवढंच म्हणाल्या आणि लहान मुलासारख्या रडल्या. आईला विसरल्याचा केवढा धसका ही बाई मनात घेऊन वावरत होती, ते मला तेव्हा कळलं.

मधला निळा भाग मग बहिणीनं शिवला. काकींनी एक टाकाही उसवला नाही. पुरी झाली त्या दुपारी दोघींनी रल्ली अंथरली. काकी सवयीनं कडेला कलंडल्या, तर धाकटीनं त्यांना हाताला धरून मधे ओढलं आणि स्वतः कडेला सरकली.

काकी जाऊन कितीतरी वर्षं झाली. त्यांची आठवण आली की मला त्या तशाच दिसतात, मधोमध, गाढ झोपलेल्या.