गयाबाईची अट

गयाबाई डॉक्टरांच्या खोलीत शिरली की आधी स्टूल ओढून बसायची. 'बसा' म्हणायची वाट पाहत नसे. कंपाउंडरने डोळे वटारले तर म्हणायची, "उभ्यानं दुखणं सांगता येत न्हाई, दादा."

गयाबाईला आणि मला एकच आजार, ल्युपस. शरीर स्वतःवरच उलटतं. सांधे धरतात, गालांवर लाल चट्टे उठतात, ऊन सोसत नाही. मी कळमनुरीच्या शाळेत शिक्षिका, म्हणून माझ्या चट्ट्यांना लोक ॲलर्जी म्हणाले. गयाबाई औंढ्याजवळच्या खेड्यात मेंढ्या राखायची. तिच्या चट्ट्यांना गावाने महारोग ठरवलं. हापशावर तिचा नंबर सगळ्यांत शेवटी. लेकीची ठरलेली सोयरीक मोडली.

सन दोन हजार उलटल्यावर मोठ्या शहरातून ल्युपसवर संशोधन करणारे डॉक्टर आले. आम्हा रुग्णांना 'सल्लागार' म्हणून बोलावलं, हार घातले आणि आधीच ठरलेलं सगळं वाचून दाखवलं. रक्त कधी, कातडीचा तुकडा कधी. मग म्हणाले, सह्या-अंगठे द्या.

"सल्ला तं काही इचारलाच न्हाई," गयाबाई म्हणाली.

त्यांच्यातले मोठे डॉक्टर हसले. "बाई, तुम्हाला यातलं काय कळणार?"

"कातडं माझं हाय, साहेब. आधी माझ्या गावात या, हे एकाचं दुसऱ्याला लागत न्हाई म्हणून चारचौघांत सांगा. मंग रक्त घ्या."

"ते आमच्या संशोधनात बसत नाही."

"मंग आमी बी बसत न्हाई," म्हणत ती उठली. मागोमाग मी उठले, मग सगळेच.

शेवटी त्यांच्यातली एक तरुण डॉक्टरीण गावात आली. पारावर तिने आजार समजावून सांगितला आणि गयाबाईच्या घरी जेवून गेली. त्याच उन्हाळ्यात लेकीचं लग्न झालं. दिल्या शब्दाप्रमाणे आम्ही सगळ्यांनी रक्त दिलं.

पुढे गयाबाईची मूत्रपिंडं निकामी झाली. दवाखान्यात तिने मला विचारलं, "त्या रक्ताचं काय निघालं वो, बाई?"

"अजून कुणी कळवलं नाही."

"मी गेल्यावर बी इचारत राहा."

ती गेल्यावर मी शहरात जाऊन मोठ्या डॉक्टरांना गाठलं. ते म्हणाले, "निकाल कधीच छापून आलाय." छापला होता इंग्रजीत. ज्यांचं रक्त नेलं, त्यांच्या भाषेत एकही ओळ नव्हती. मी म्हणाले, "गावात येऊन सांगा." येतो म्हणाले. आले नाहीत.

आता कुणी रक्त मागायला आलं की आम्ही आधी विचारतो, निकाल सांगायला कोण येणार आणि कधी? उत्तर मिळेपर्यंत एकाचीही बाही वर सरकत नाही.