लग्नाची पत्रिका आणि माझ्या नोट्स

मैत्रिणींनो, आज सकाळी आमच्या कॉम्प्युटरवरच्या व्हॉट्सॲपवर अनोळखी नंबरवरून 'लग्नपत्रिका' नावाची फाईल आली. वडिलांनी ती उघडली आणि त्यातल्या व्हायरसने माझ्या सगळ्या फाईल्स कुलूपबंद केल्या. गल्लीतल्या मुलींसाठी केलेल्या दहावीच्या नोट्ससुद्धा! परीक्षा तोंडावर आहे.

"अण्णा, उघडली कशाला?"

"पत्रिका आली अन् उघडायची न्हाय? सोयरे काय म्हंतील?"

"सोयरे आधी फोन करून आवतन देतात की!"

"व्हय. आता तोंडी आवतन आल्याबिगर कुटलीच पत्रिका उघडायची न्हाय."

बॅकअपचा पेनड्राईव्ह मी कायम जोडूनच ठेवायचे, म्हणून तोही गेला. पण फाईल्स सोडवायला पैसे मागणाऱ्या चोरांना मी ते देणार नाही. कॉम्प्युटर साफ करून घेतलाय आणि पहिल्या धड्यापासून पुन्हा टाईप करतेय. यापुढे कॉपी झाली की पेनड्राईव्ह काढून कपाटात ठेवणार.

तुमचा पेनड्राईव्ह आत्ता कुठे आहे?