अणुबॉम्बसाठी उघडलेलं पेव

“तुले पाटीत बसवून दोराने खाली सोडू, पण वर ठेवणार नाही!” मी ओरडले.

“मी काय गव्हाचं पोतं आहो का बाई, खाली सोडाले?” कौसा माझ्या वरताण ओरडली.

कौसा माझी धाकटी जाऊ. गुडघे गेलेले, जीभ शाबूत! भांडण चाललं होतं आमच्या अंगणातल्या पेवाच्या तोंडाशी, आणि त्याचं कारण होतं अणुबॉम्ब. पेव म्हणजे पांढऱ्या मातीत खोल खणलेलं धान्याचं कोठार. वर माणूस जेमतेम जाईल एवढं तोंड, खाली खोलीएवढी जागा.

त्या आठ दिवसांत इतके किस्से साचले की डोणगावच्या बाजारात वांगी घ्यायला गेले तरी भाजीवाली आधी विचारते, “काकू, बॉम्बाचं काय झालं?” दरवेळी उभ्याने किती सांगू? म्हणून लिहूनच काढते. मी शाळेत गेले नाही. खताच्या पोत्यांवरची अक्षरं जुळवत वाचायला शिकले. काही चुकलं तर पोत्याला विचारा!

*

गेल्या उन्हाळ्यात टीव्हीवर सकाळ-संध्याकाळ युद्धाच्या बातम्या. मग तालुक्याहून एक ट्रेनिंगवाले सर आले. आम्हा बायांना समाजमंदिरात बसवून सांगू लागले, “झगझगीत उजेड दिसला की तिकडे बघायचं नाही. जमिनीवर पालथं पडायचं. मग ताबडतोब आत. वरून पडणारी धूळ विषारी असते, एक दिवस तरी बाहेर यायचं नाही. जमिनीखाली जागा असेल तर उत्तम.”

शेजारची चिमणाबाई उठली. “सर, मंग म्हशीची धार कोन काढीन?”

सरांनी फाईल पुढून चाळली, मागून चाळली. फाईलमध्ये म्हैसच नव्हती!

मग बॉम्बच्या विषापासून वाचवणाऱ्या आयोडीनच्या गोळ्यांचा विषय निघाला. चिमणाबाई परत उभी. “गोळी नाही भेटली अन् आयोडीनचं मीठ जास्त खाल्लं तं?”

“बीपी वाढेल,” सर म्हणाले. फाईल न बघता दिलेलं तेवढं एकच उत्तर!

सगळ्या हसल्या. मी हसले नाही. ‘जमिनीखाली’ हा शब्द माझ्या डोक्यात बसला होता.

*

दोन दिवसांनी मॉक ड्रिल. सायरन वाजला की सगळं सोडून आत पळायचं, असं ठरलेलं. आणि सायरन वाजला तेव्हा आम्ही पाच जणी अंगणात कुरडयांचा चीक शिजवत होतो!

चीक कोणासाठी थांबत नाही. हात थांबला की गाठी झाल्या, खाली करपला. तीन दिवस भिजवलेला गहू वाया. आम्ही ढवळत राहिलो.

सर वही घेऊन धावत आले. “मावशी, तुम्ही पाचही जणी मेलात!”

“बॉम्ब पडीन तवा पडीन,” चिमणाबाई म्हणाली, “चीक आत्ता लागून राह्यला!”

सरांनी वहीत पाच मृत लिहिले. मग ते बाजेवर बसले आणि मेलेल्या बायांच्या हातचा गरम चीक तूप-साखर घालून दोन वाट्या खाल्ला!

*

त्याच दिवशी मी पेव उघडायला घेतलं. “म्हातारीले येड लागलं,” गल्ली म्हणाली. म्हणू दे. ज्याला हसायचं त्याने वर बसून हसावं.

कौसाचा सुनील पुण्यात इंजिनीअर. बायको-लेकरासह सुट्टीवर आला होता. पेवाच्या तोंडावरची फरशी सरकवल्याबरोबर तो टॉर्च लावून शिडीवर पाय टाकायला निघाला. मी त्याची कॉलर धरली!

“काऊन काकू? टॉर्च आहे ना!”

“म्हनूनच,” मी म्हणाले. बादलीत दिवा पेटवून ठेवला आणि दोराने खाली सोडला. अर्ध्यावर गेला आणि विझला. वारा नाही, काही नाही. आत हवाच नव्हती.

सुनीलचं तोंड पांढरं पडलं. मी म्हटलं, “टॉर्चनं तुले शेवटपर्यंत उजेड दावला असता. मेल्यावरही!”

मग चार दिवस लिंबाचा डहाळा दोराला बांधून वर-खाली, वर-खाली केला, तेव्हा कुठे दिवा तळाशी जळत राहिला. सुनीलने पेवाच्या तोंडाशेजारून एक पीव्हीसी पाइप आत सोडला, बाहेरचं टोक खाली वाकवलं आणि त्यावर सात पदरी लुगडं बांधलं. हवा यावी, धूळ येऊ नये म्हणून. इंजिनीअर शेवटी कामाला आला!

*

पाण्याच्या कॅन, फुटाणे, गूळ, रेडिओ, सगळं खाली गेलं. राहिली कौसा. शिडी तिच्याने उतरवेना, पाटीत ती बसेना. तीन दिवस तेच भांडण. तिसऱ्या दिवशी सुनीलही रडकुंडीला आला. “आई, तू वर राहशील तं मी बी खाली जात नाही!”

“पाहाय!” मी म्हणाले. “पोराचा जीव घेतं का? बस पाटीत!”

कौसा पेवाच्या कडेला बसून माती कालवत होती. लग्न होऊन आली तेव्हापासून पेव भरलं की फरशी सरकवून कडा लिंपायचं काम तिचंच. तिने लिंपलेल्या पेवात कधी मुंगी शिरली नाही.

“कौसे, मी तुले विचारून राह्यली!”

तिने बसल्या बसल्याच दोन्ही हातांनी फरशी ओढली. ती पेवाच्या तोंडावर बरोबर बसली. मग चिखलाचा हात फरशीच्या कडेवरून फिरवत ती म्हणाली,

“तुमी सारे खाली उतरले बाई, तं हे बाहेरून कोन लिंपीन?”