कुशाबा मिस्त्री पायी गेला

"गाडी खोटं बोलत न्हाई. बोलतो तो माणूस. अन् खोटं बोलला त्यो पायी जातो."

कुशाबा मिस्त्रीचं हे बोलणं आमच्याकडं पोराटोरांनाही पाठ आहे. घोडेगावाकडून भीमाशंकरला जाताना शिनोलीच्या पुढं चिंचेखाली त्याचं पत्र्याचं गॅरेज दिसतं. गाडी आली की तो आधी बॉनेटला हात लावत नाही. टाकीचं झाकण उघडतो, पेट्रोलचा वास घेतो, मग मालकाला समोरच्या दगडावर बसवतो. "बिघडायच्या आधी काय काय केलं, त्ये सांगा." मालक काहीतरी लपवतोच. कुणी मेव्हण्याला चालवायला दिलेली असते, कुणी ओढ्यातून घातलेली असते. लपवलेलं उघडं पडलं की नियम लागू. गाडी दुरुस्त होणार, पण मालक त्या दिवशी पायी घरी जाणार. एकदा एक पुढारी कडक इस्त्रीच्या कपड्यांत घोडेगावापर्यंत चालत गेले, आणि लोकांनी वाटभर त्यांना वाकून रामराम केला.

या कुशाबाची गाठ चिमाबाईशी पडली.

चिमाबाई वरच्या वाडीतली, शिनोलीपासून सहा किलोमीटर चढावर. नवरा गेल्यावर बावन्नाव्या वर्षी ती त्याची लाल गाडी चालवायला शिकली. आता गाडी सव्वीस वर्षांची आहे आणि बाई साठीची. वाडीतल्या बायकांना बाजार, दवाखाना, लेकीचं घर, सगळं त्या गाडीनंच जवळ आणलं. पण पावसाळ्यापासून गाडी बिघडली. घोडेगावाहून निघताना झकास चालायची, शिनोली मागं पडून चढ लागला की गचके खायची आणि खोकून बंद पडायची. घटकाभर थांबलं की पुन्हा सुरू. पुण्याहून पोरगा, मोहित, फोनवर म्हणाला, "आई, आता एकदा जरी बंद पडली तरी सोमवारी भंगारवाला पाठवतो. घाटात तुला काही झालं तर?"

कुशाबानं प्लग बदलले, कार्बोरेटर धुतला, पेट्रोलची नळी फुंकली. गाडी त्याच्या दारात आली की शहाण्यासारखी चालायची. वर गेली की पुन्हा तेच.

"वहिनी, खरं सांगा. चोक वडून ठेवता ना?"

"न्हाई."

"बाटलीतलं पेट्रोल वतलं असंल."

"भावजी, मी लपवीत न्हाई काय."

"माझ्या दारात चालती, तुमच्या हातात बंद पडती. मग खोटं कोण बोलतंय?"

चिमाबाईनं पदर खोचला. चपला हातात घेतल्या आणि सहा किलोमीटर चढ चढून गेली. ताठ मानेनं. ते पाहून कुशाबाला त्या रात्री जेवण गोड लागलं नाही, असं त्याची बायको सांगते.

रविवारी तो स्वतः म्हणाला, "चला, मी चालवतो." शेजारच्या लंकाबाईचा बाजारही गाडीत होता, त्यात तेलाचा पंधरा किलोचा डबा. घोडेगावाहून निघाले. शिनोली गेली. वाडीच्या खालच्या वळणावर गाडीनं दोन गचके दिले, खोकली आणि गप्प झाली. कुशाबाच्या हातात.

"मिस्त्री, चोक वडलाय का?" लंकाबाईनं मागून विचारलं.

वाडीतल्या बायकांनी गाडी ढकलत चिमाबाईच्या अंगणात आणली. उद्या सोमवार. चिमाबाईनं एकदा गाडीवरून हात फिरवला, आत जाऊन चहा टाकला आणि पहिली कपबशी बाहेर कुशाबाला दिली. लंकाबाईनं ओट्यावरच तेलाचा डबा फोडायला घेतला, दोघींना वाटून घ्यायचं होतं. खिळा आणि दगड घेऊन तिनं एक भोक पाडलं, डबा कलता केला. तेल गुटुक गुटुक आलं आणि थांबलं.

"अगं, दुसरं भोक पाड की," चिमाबाई आतून ओरडली. "वारा आत गेल्याबिगर तेल भायेर कसं यील?"

दुसरं भोक पडलं. तेलाची धार लागली.

कुशाबाच्या हातातली बशी तशीच राहिली. तो उठला, गाडीपाशी गेला आणि टाकीचं झाकण फिरवलं. आतून सूऽऽ करून लांब श्वास ऐकू आला. त्यानं किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली.

श्रावणात चिमाबाईनं पेट्रोलचा वास येतो म्हणून तक्रार केली होती. तेव्हा कुशाबानंच ट्रॅक्टरच्या ट्यूबची अख्खी चकती कापून झाकणात बसवली होती. झाकणातली वाऱ्याची बारीक वाटच बुजली. अर्धा तास चाललं की टाकी आतून ओढून धरायची, पेट्रोल पुढं जाईना. आणि गॅरेजवर तर तो सगळ्यात आधी झाकणच उघडायचा!

ती चकती खिशात घालता आली असती. त्यानं ती ओट्यावर ठेवली.

"वहिनी, ही मी कापली. माझ्या हातची चूक. सगळ्यांना इचारलं, मलाच इचारायचं ऱ्हायलं."

लंकाबाईच्याच खिळ्यानं त्यानं चकतीला भोक पाडलं, झाकण बसवलं, पिशवी खांद्याला लावली.

"बसा भावजी, सोडते खाली," चिमाबाई म्हणाली.

"न्हाई. नियम म्हंजे नियम. मी घरी पोचेस्तवर गाडी चालू ठेवा. बंद पडली तर फोन करा, तसाच म्हागारी येतो."

"मिस्त्री, चपला हातात घ्या!" लंकाबाई ओरडली. "आमच्या बाईनं घेतल्या व्हत्या!"

कुशाबा थांबला. वाकला. खरंच चपला हातात घेतल्या आणि उतरणीला लागला.

चिमाबाई स्टिअरिंगमागं बसून होती, लंकाबाई ओट्यावर, बाकीच्या बायका बांधावर. एका वळणावर तो दिसायचा, दुसऱ्यावर झाडाआड जायचा. गाडी एका लयीत चालू होती. तासाभरानं पार खाली चिंचेपाशी एक ठिपका पोचलेला दिसला, तेव्हा चिमाबाईनं मोहितला फोन लावला आणि बोलायच्या आधी मोबाइल बॉनेटजवळ धरला. नजर मात्र त्या ठिपक्यावरच होती.