भाऊजी आणि सांदणाचं स्पेलिंग

तोंडाजवळ आलेला घास अडवण्यात माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याचा हात धरणारा पेण ते रोहा पट्ट्यात दुसरा कुणी झाला नाही. भाऊजी रोह्याला एका केमिकल कंपनीत होते. कंपनीने मोडीत काढलेला कॉम्प्युटर त्यांनी घरी आणला आणि नेमकी त्याच सुमाराला ताईला शुगर निघाली. डॉक्टर एवढंच म्हणाले, "खाण्यावर लक्ष ठेवा." भाऊजींनी ते इतकं मनावर घेतलं, की पदार्थाचं नाव टाकल्यावर कॅलरी सांगणारा प्रोग्रॅमच लिहून काढला. गोम अशी, की नाव इंग्रजी अक्षरांत आणि भाऊजींच्याच स्पेलिंगने टाकावं लागे. ताईने भाकरी टाकली आणि एखादं अक्षर कमी पडलं, की असा पदार्थच नाही म्हणून यंत्र मोकळं. "मग सकाळी मी खाल्लं काय?" ताई कडाडायची. भाऊजी शांतपणे म्हणायचे, "शोध सुधारायला हवा."

ही सुधारणा आमच्या जिवावर उठली. पहिली अक्षरं टाकली की पुढचं आपोआप सापडेल अशी सोय त्यांनी केली, तर पोपटीच्या जागी पोपई आली आणि मडक्यात भाजायच्या वालाच्या शेंगांचा अख्खा बेत फळांत जमा झाला. मग एकाच पदार्थाला कोण काय म्हणतं ते गोळा करायचं वेड लागलं. गडब गावात चुलतभावाच्या शेतावर पोपटीचं मडकं फोडलं, वाफा निघताहेत, आणि भाऊजी मध्ये उभे! "थांबा, तुमच्याकडे ह्याला नेमकं काय म्हणतात?" चुलतभाऊ वैतागला, "भाऊजी, आधी खावा, मंग बारसं करू!" पेणला एका लग्नाच्या पंगतीत त्यांनी वाढप्याला 'घावन की घावणं' यात असा गुंतवला, की पुढची सगळी पानं कोरडी राहिली. मी त्यांची कुणी नाहीच, असा चेहरा करून बसले.

एकदा दुपारी मी रोह्याला गेले होते. आईने पेणहून दिलेली फणसाची गोड सांदणं ताईच्या पानात होती. ताईने जेवणाआधीची शुगरची गोळी घेतलेली, आणि भाऊजी कॉम्प्युटरपुढे. "थांब, सापडतंय." एक स्पेलिंग झालं, दुसरं झालं. बघता बघता ताईला दरदरून घाम फुटला आणि ती भिंतीला टेकून खाली बसली. मी धावत साखरेचं पाणी आणून पाजलं. जरा हुशारी आल्यावर तिने पहिलं काय विचारलं, तर "सापडलं का हो?" भाऊजींनी कॉम्प्युटर बंद केला आणि पान तिच्यापुढे सरकवलं.

"आता फेकून द्या तो डबा," मी निघताना चिडून म्हटलं. त्यांनी ऐकलं नाहीच. पण पुढच्या खेपेला गेले, तेव्हा कसंही स्पेलिंग टाका, पदार्थ सापडत होता. भाऊजी कामावर होते. ताई एकटीच कॉम्प्युटरपुढे बसून काहीतरी अर्थहीन अक्षरं बडवत होती.

"काय शोधतेस गो?"

"काय नाय," ती लाजून म्हणाली.

मी वाकून पाहिलं. पडद्यावर उमटलं होतं: 'सापडलं नाही. तू आधी जेवून घे.'

भाऊजी तोंडाने ताईशी असं कधी बोलल्याचं मला आठवत नाही. ताईने पदर सावरला आणि पुन्हा वेडीवाकडी अक्षरं टाकली.