एकोणीस वर्षं नुसती दारं

मी फ्रिजच्या कारखान्यात एकोणीस वर्षं दारं बसवली. कारखाना एवढा मोठा की एका टोकाला पत्रा आत जायचा आणि दुसऱ्या टोकाला खोक्यात बांधलेला फ्रिज बाहेर पडायचा. मधे नऊशे माणसं. त्यात बाविसाव्या जागेवर मी. पट्ट्यावरून फ्रिज सरकत आला की वरचं आणि खालचं बिजागर आवळायचं, दाराच्या कडेची रबराची पट्टी अंगठ्याने दाबत न्यायची, दार लावायचं आणि ऐकायचं. 'ठप्प' असा आवाज आला तर दार चांगलं. 'खट' आला तर रबर कुठेतरी दुमडलंय. बावन्न सेकंदांनी पुढचा फ्रिज. नियमाप्रमाणे दारात कागदाचा कपटा धरून ओढून बघायचा असतो. तो अलगद निघाला तर दार सैल. मला कागद लागायचा नाही. माझे कान तयार झाले होते. म्हणून लाइनवर सगळे मला 'ठप्प' म्हणायचे. मला या नावाचा अभिमान होता, यावरून माझ्या एकंदर कर्तृत्वाची कल्पना यावी.

घरी मात्र मी कंपनीबद्दल कधी एक बरा शब्द काढला असेल तर शपथ. बूट काढता काढता सुरुवात व्हायची. लघवीला जायचं तर बदली माणूस येईपर्यंत पाय आवळून उभं राहावं लागतं. गेटवरचा पहारेकरी एकोणीस वर्षं तोंड बघतोय, तरी रोज बिल्ला मागतो. सुपरवायझर दर दोन वर्षांनी नवा येतो आणि प्रत्येक जण पहिल्या दिवशी "आपण सगळे एक कुटुंब आहोत" म्हणतो. एक स्क्रू बदलायचा तर सात सह्या. कँटीनमधल्या भाजीत भाजी शोधावी लागते.

"अहो, आधी हात धुवा," बायको म्हणायची. "कंपनी काही पळून जात नाही."

ही गोष्ट ज्या दिवसापासून सुरू होते, त्या दिवशी मला कंपनीचं पत्र आलं होतं. बिजागरांची पेटी माझ्या उजव्या हाताऐवजी पाठीमागे ठेवलेली असायची. प्रत्येक फ्रिजला मागे वळायचं, दिवसाकाठी पाचशे वेळा. ती पेटी पुढे घ्या, अशी चार ओळींची सूचना मी सूचनापेटीत टाकली होती. चौदा महिन्यांनी उत्तर आलं: 'रंगकाम विभागाविषयी आपण केलेल्या मौलिक सूचनेबद्दल आभार.' रंगकाम विभागात मी जन्मात पाऊल ठेवलेलं नव्हतं.

नेमका त्या दिवशी मेहुणा घरी आला होता. त्याचं फ्रिज दुरुस्तीचं वर्कशॉप आहे, आमच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे. तो, दोन कारागीर आणि एक टेम्पो. पत्र वाचून तो पोट धरून हसला आणि म्हणाला, "भाऊजी, सोडा ती नोकरी. माझ्याकडे या. मला भरवशाचा माणूस हवाच आहे. तुम्हाला तर फ्रिज आतून बाहेरून माहीत."

मी मान डोलावली. बाहेरून तर माहीत होताच.

बायको म्हणाली, "नीट विचार करा." मी म्हणालो, "एकोणीस वर्षं विचारच करतोय." हे वाक्य मला इतकं आवडलं की त्याच्या जोरावर मी दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला.

नोकरी सोडताना कंपनी एक फॉर्म भरून घेते. त्यात दोन रकाने होते: इथे काम करताना काय आवडलं आणि काय आवडलं नाही. आवडलं नाही या रकान्याला जागा पुरेना, म्हणून मी जादा कागद मागून घेतला. मग आणखी एक. एकूण एकतीस मुद्दे झाले आणि मी त्यांना आकडे घातले. आवडलं या रकान्यात लिहिलं, 'काही नाही.' खाली सही ठोकली आणि सहीखाली रेघही मारली.

लाइनवरच्या लोकांनी वर्गणी काढून मला सुटकेस दिली. दोन गल्ल्या पलीकडे जाणाऱ्या माणसाला सुटकेस! माझ्या शेजारच्या जागेवर काम करणारी, जिला सहा वर्षांपूर्वी मीच दारं बसवायला शिकवलं होतं, ती म्हणाली, "ठप्पभाऊ, आम्हाला विसरू नका." मी एखाद्या मंत्र्यासारखा हात हलवला.

वर्कशॉपमध्ये पहिल्या दिवशी मेहुण्याने कारागिरांना माझी ओळख करून दिली. "भाऊजी मोठ्या कंपनीतले आहेत. आता काही अडलं की यांना विचारायचं." मग त्याने एक जुना फ्रिज पुढे ओढला. "हा गार होत नाहीये. बघा जरा."

मी फ्रिजभोवती एक फेरी मारली. मागे वाकून काळी नळी आणि तो काळा डबा बघितला. तो डबा असतो हे मला ठाऊक होतं, पण तो माझ्या चौदा जागा आधीच बसवून झालेला असायचा. मी दार उघडलं. लावलं. कान दिला.

"दार उत्तम आहे," मी म्हणालो.

दोघे कारागीर एकमेकांकडे बघू लागले. त्यांना वाटलं असावं की मोठ्या कंपनीत तपासणी अशीच सुरू होते. ते पुढच्या वाक्याची वाट बघत राहिले. मी दार पुन्हा एकदा उघडून लावलं.

मेहुणा स्वभावाने चांगला. त्याने मला शिकवायला घेतलं. पण एकोणीस वर्षं ज्याने बावन्न सेकंदांच्या पुढे कशाचा विचार केलेला नाही, त्याला अख्खा फ्रिज एकदम दिला की तो गांगरतो. मी तापमानाचं बटण उलटं बसवलं. एका बाईंचा फ्रिज दुसऱ्या बाईंच्या घरी पोचवला. आणि तिसऱ्या आठवड्यात औषधं गार ठेवायच्या एका कपाटाच्या तळाचा बर्फ काढताना पेचकस घुसवला, तो थेट नळीत. सूंऽऽ करून सगळा गॅस निघून गेला. कपाट एका औषधाच्या दुकानाचं होतं आणि त्यांना ते संध्याकाळपर्यंत परत हवं होतं.

कंपनीत असं काही झालं असतं तर चौकशी बसली असती. अर्ज भरले असते, खरेदी विभागाने पेचकसाच्या दर्जावर शंका घेतली असती, आणि महिन्याभरात तो दोष पाच खात्यांत वाटला जाऊन माझ्या वाट्याला चिमूटभर उरला असता. इथे मेहुणा आला, त्याने नळीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. टेम्पो काढून औषधवाल्यांना स्वतःचं कपाट देऊन आला. त्याने चार शिव्या घातल्या असत्या तर मला जेवण गेलं असतं.

खरं सांगायचं तर तिथे छान वाटण्यासारखं बरंच होतं. बिल्ला नाही, भोंगा नाही. लघवीला वाटेल तेव्हा जावं. मेहुणा सगळ्यांच्या घरची चौकशी करायचा. ज्याचा फ्रिज, तो समोर उभा राहून "गार झाला हो!" म्हणायचा. कारखान्यात माझ्या हातून गेलेला एकही फ्रिज पुढे कोणाच्या घरी गेला, हे मला कधी कळलं नव्हतं. पण हातमोजे फाटले तर स्वतः दुकानात जाऊन आणायचे, पायाला काही लागलं तर घरी येऊन पट्टी बांधायची, आणि मुख्य म्हणजे कुरकुर करायची सोय नव्हती. कंपनीत 'वरची माणसं' म्हणून कोणीतरी असायची. कोण, कुठे बसतात, मला कधी दिसली नाहीत. पण त्यांच्या नावाने खडे फोडले की दिवस हलका व्हायचा. इथे वरचा माणूस माझ्यासमोर बसून माझ्याच डब्यातलं लोणचं खात होता.

घरी येऊन मी गप्प बसू लागलो. मुलीने आईला विचारलं, "बाबांना बरं नाही का?"

चार महिने झाले. मेहुण्याला मला काढायचं होतं, पण बहिणीची भीड आड यायची. मला निघायचं होतं, पण कोणत्या तोंडाने? शेवटी एका रविवारी तो आमच्याकडे जेवायला आला असताना बायकोने हातातला डाव खाली ठेवला.

"तुम्ही दोघं एकमेकांना लाजताय," ती म्हणाली. "म्हणून मीच सांगते. अहो, उद्यापासून तुम्ही याच्याकडे जायचं नाही. मी तुम्हाला काढलं."

मेहुण्याने इतका मोठा सुस्कारा सोडला की मुलगी फिसकन हसली. मग तो हसला. मग मीही हसलो, पण जरा उशिरा.

सोमवारी मी कंपनीच्या गेटवर. माझ्याकडे बिल्ला नव्हता म्हणून पहारेकऱ्याने तासभर बाकावर बसवलं. "काय ठप्पभाऊ, बरं आहे ना?" असं विचारत विचारत बसवलं. मग भरतीच्या बाईंनी आत बोलावलं. त्यांच्या टेबलावर माझा फॉर्म होता, तिन्ही कागद टाचलेले.

"एकतीस मुद्दे," बाई चष्मा सारखा करत म्हणाल्या. "मी सगळे वाचलेत. अकरावा वाचू का? 'या कंपनीत पुन्हा पाऊल ठेवणारा माणूस मूर्ख म्हणावा लागेल.'"

"तो मुद्दा बरोबरच आहे, बाई," मी म्हणालो. "मूर्ख समोर बसलाय."

त्या हसल्या नाहीत. कोरा फॉर्म पुढे सरकवून म्हणाल्या, "मला खरंच माहीत करून घ्यायचंय. या वेळी पहिला रकाना भरा."

मी पेन घेतलं. कंपनीची बस वेळेवर येते. पगाराची तारीख चुकत नाही. पायात लोखंडी टोकाचे बूट असतात. माझ्याकडून चूक झाली तर ती पकडायला पुढे कोणीतरी उभं असतं. शेजारची माणसं. इतकं लिहून थांबलो. पाचच मुद्दे, पण त्यातला एकही खोडावासा वाटेना, त्यामुळे मला स्वतःचाच राग आला.

"जुनी जागा भरलीय," बाई म्हणाल्या. "जुना हुद्दाही मिळणार नाही. नवीन म्हणून यावं लागेल, तीन दिवसांच्या प्रशिक्षणासकट."

प्रशिक्षण द्यायला कोण उभी? मीच शिकवलेली ती. आता तिच्या छातीवर 'प्रशिक्षक' अशी पाटी होती. मला बघून तिने ओठ दाबून हसू आवरलं, पण बाकीच्या अकरा जणांसमोर ओळख दाखवली नाही. मी तिचे उपकार मानले. तिसऱ्या दिवशी परीक्षा. मी दार बसवलं, लावलं. ठप्प.

"चांगलं आहे," मी म्हणालो.

"कागद कुठे आहे?"

"आवाजावरून कळतं ना."

"आवाज लिहायला तक्त्यात जागा नाही, भाऊ," ती हळूच म्हणाली. "पुन्हा करा."

मी कागद घेऊन पुन्हा केलं. कागद निघाला नाही. तिने तक्त्यात बरोबरची खूण केली आणि मला, मान्य करायला लाज वाटते, भारी आनंद झाला.

त्या वर्गात माझ्या शेजारी एक दाढीवाला बसायचा, साधारण माझ्याच वयाचा. महिन्याभरात तो वैतागला. "हे काय आयुष्य आहे हो?" तो डबा खाताना म्हणाला. मी त्याला अर्धा तास अनुभवाचे बोल सुनावले. छोट्या वर्कशॉपात काय काय भोगावं लागतं, तेही सांगितलं, पत्त्यासह. आठ दिवसांनी त्याने नोकरी सोडली आणि तो थेट मेहुण्याकडे जाऊन लागला.

त्याला फ्रिज खरोखरच आतून बाहेरून कळतो. मेहुणा आमच्याकडे आला की त्याचं कौतुक थांबत नाही, आणि बायको मुद्दाम "अजून सांग ना" म्हणते. परवा मेहुणा त्यालाही सोबत घेऊन आला. जेवणं झाल्यावर आम्ही दोघं बाल्कनीत बसलो. त्याने आत डोकावून मेहुणा ऐकत नाही याची खात्री करून घेतली आणि खुर्ची माझ्याजवळ ओढली.

"तुम्हाला म्हणून सांगतो," तो कुजबुजला, "माणूस चांगला आहे, पण सुट्टी मागायची पंचाईत. तोंडावर नाही म्हणत नाही, नुसता बघतो."

"हो ना!" मी म्हणालो. "आणि हातमोजे?"

"हातमोज्यांचं तर नावच काढू नका!"

पुढे तासभर तो बोलत होता आणि मी प्रत्येक मुद्द्याला मान डोलावत होतो. इतकं बरं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.